छाती तुझी, दाखला माझा

ढवळदरा, ता. शिरूर कासार, जि. बीड
२८ जानेवारी २००४

चि. सुग्रीव,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. तू आता सॅल्यूट घेणाऱ्यांतला, पण माझ्याकडे देण्यासारखं एवढंच आहे.

धुळाजी गेला. भल्या सकाळी मेंढरं सोडायला म्हणून मेंढवाड्याची जाळी, वाघूर, उचलली आणि तिथंच मटकन बसला तो उठलाच नाही. परवा तेरावा झाला. जेवून घरी येत होतो, ओढ्यापाशी आलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. मला 'त्रिंबक' म्हणून हाक मारणारं गावात आता कोणीच उरलं नाही.

हसू नकोस. म्हातारा चळला असंही म्हणू नकोस, मला साठीलाही अजून चार महिने आहेत. तूच बघ. सुना 'मामा' म्हणतात, नातवंडं 'आबा'. चंद्रभागेनं लग्नात उखाण्यात एकदा माझं नाव घेतलं ते शेवटचं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. तिच्या या काटकसरीनं मी शंभर वर्षं जगणार. बाकी रेशनकार्डावर मी सुग्रीव, मतदार यादीत सुग्रीव, दूध सोसायटीच्या सभासदांत सुग्रीव. गावातली नवी पिढी तर मला खरोखरच सुग्रीवआबा समजते. ज्यांना खरं ठाऊक होतं ते जुने लोक एकेक करून गेले, आणि जाताना माझं नाव घेऊन गेले.

धुळाजी मात्र भर बाजारात ओरडायचा, "ये तिंबक, बिडी हाय का बे?" मी त्याच्यावर चिडायचो, कुणी ऐकेल म्हणून. आता वाटतं, त्याला रोज एक बंडल आणून द्यायला हवं होतं.

पाकिटावर नाव घातलं, 'लेफ्टनंट जनरल त्रिंबक धोंडीराम देवकते'. नाव माझं, अक्षर माझं, आणि पत्र तुला. तुझ्या ऑफिसात टपाल दुसराच कुणी फोडत असणार, म्हणून दूध सोसायटीच्या बंकटरावाकडून घरचा पत्ता मिळवला आणि शिरूरला जाऊन रजिस्टर करणार आहे. तिथल्या पोस्टमास्तराला वाटेल, अंगठेबहाद्दर माणूस दिसतो, कुणाकडून तरी लिहून आणलं असेल.

बारा वर्षं आपल्यात बोलणं नाही. का नाही ते दोघांनाही माहीत आहे, ते आज काढत नाही. मागणं एकच आहे. एकदा ये आणि मला माझ्या नावानं हाक मार. चारचौघांत नको, घरात मार, रानात मार, पण मार. ती हाक ऐकल्याशिवाय मला जायचं नाही.

तुझा थोरला भाऊ


१९ फेब्रुवारी २००४

चि. सुग्रीव,

पोचपावती आली. सही तुझी नाही, कुणा हवालदाराची आहे. पत्र पोचलं एवढं कळलं.

तू बोलू नकोस, मी बोलतो. ही गोष्ट कुठंच लिहिलेली नाही. मी गेलो की तुझ्याजवळच राहील, आणि तू ती कुणाला सांगणार नाहीस. म्हणून एकदा तरी कागदावर उतरू दे.

त्रेसष्ट साल. बीडला पोलिसांच्या मैदानावर भरती होती. शिरूरपर्यंत पायी, पुढं कापसाच्या ट्रकवर बसून गेलो. मी एकोणीस वर्षांचा, मॅट्रिक पास. आपल्या वाडीतला पहिलाच. दाखला आईनं नव्या खणात गुंडाळून दिलेला. तू सतरा वर्षांचा, सातवीला दोनदा आपटलेला, माझ्यासोबत भाकरी आणि घोंगडी वाहायला आलेला. भरतीशी तुझा काही संबंध नव्हता.

माझ्या छातीला टेप लावला. फुगवून फुगवून डोळे बाहेर आले, पण टेप हलेना. सुभेदार हसला आणि म्हणाला, "तू तो मास्टर बन, बेटा." मग त्याची नजर दोरीपलीकडं गेली. तिथं तू उभा होतास, गर्दीच्या वर डोकं काढून. "वो लंबा कौन है? उसका दाखला लाओ."

तुझ्याकडं कसला दाखला! मी दोरीपाशी आलो, खण सोडला आणि कागद तुझ्या हातात दिला.

"दादा, हे तर तुझं हाय."

"छाती तुझी, दाखला माझा. दोघांत मिळून एक शिपाई तर होईल. जा बे."

तू गेलास. नाव विचारलं तेव्हा एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलंस. मी मान हलवली. "त्रिंबक धोंडीराम देवकते." जन्मतारीख एक जून चव्वेचाळीस. गुरुजींनी वाडीतली सगळी पोरं एक जूनलाच जन्माला घातली होती, त्यामुळे तारखेत फरक पडण्याचा प्रश्नच नव्हता. फरक पडला तो दोन वर्षांचा. तू बसल्या जागी माझ्याएवढा झालास.

मी एकटा घरी आलो. आई दारातच होती.

"एकलाच कावून आलास? सुग्रीव कुठं हाय?"

"त्याला घेतलं पलटणीत."

"अन् तुला?"

"मलाबी घेतलं आई. माझं नाव गेलंय."

तिला काही कळलं नाही. मलाही कुठं कळलं होतं? आपल्याला वाटलं, दोन-तीन वर्षं बंदूक धरशील, पोटापाण्याला लागशील, परत येशील, मग ज्याचं नाव त्याला. धनगराचं पोर शिपाई म्हणून गेलं तर जनरल होऊन निघतं, हे कुणाच्या स्वप्नात होतं? मस्करीची कुस्करी झाली सुग्रीव. पण खरं सांगू? तो कागद देताना मला वाईट वाटलं नव्हतं. तुझी छाती बघून मला वाटलं, चला, आपल्या घरात एकाची तरी भरली.

तुझा थोरला भाऊ


जनावरांची छावणी, ढवळदरा
२४ मार्च २००४

चि. सुग्रीव,

पत्त्यातला बदल पाहिलास. सोसायटीच्या माळावर छावणी उघडली आहे. मी आणि चंद्रभागा दोन गाई, एक म्हैस घेऊन इथंच राहायला आलो. मेंढरं पोराबरोबर खाली गंगथडीला, गोदाकाठी गेली, तिकडं थोडा पाला आहे. कारखान्याकडून उसाचं वाढं येतं, पाण्याचा टँकर येतो. चिंचेच्या झाडाला भोंगा बांधलाय. दिवसभर तो कुणाला ना कुणाला बोलावत असतो, अमक्याची म्हैस सुटली, तमक्यानं चारा घेऊन जावा. चंद्रभागा म्हणते, "बरं हाय, घरी रेडिओ न्हवता."

इथं काम नाही. जनावरांसमोर वाढं टाकलं की बसून राहायचं. मग आठवत बसतो.

तुला मी पोस्टकार्डावर भूमिती शिकवली, आठवतं? मॅट्रिक पास शिपायाला मॅट्रिकचं काही येत नाही हे उघडं पडायची तुला धास्ती. पहिल्याच पत्रात रडलास, "दादा, सायब इंग्रजीत विचारतो." मग एका कार्डावर एक प्रमेय, एकावर इंग्रजीचा एक काळ. किल्ल्याच्या सहलीवर निबंध लिहून दिला होता, धारूरचा किल्ला घालून. तू पुढं अधिकारी व्हायच्या मुलाखतीला गेलास, त्यांनी तुझ्या मुलखाचं काही सांग म्हटलं आणि तू तो निबंध घडाघडा म्हणून दाखवलास. ते कळवणारं तुझं पत्र मी अजून जपून ठेवलंय. पत्र कसलं, नाचलाच होतास कागदावर.

सत्तर साली तुला अधिकारी करायचं ठरलं आणि चौकशीला पोलीस जमादार गावात आला. चावडीवर सगळे जमले. जमादारानं तुझा फोटो दाखवला. "हा कोण?" धुळाजी सगळ्यांत आधी बोलला, "त्रिंबक हाय की. धोंडीबाचा थोरला." मग एकेक करून सगळं गाव तेच बोललं. एरवी आपल्या गावाचं पाणी कुठून आणावं यावर एकमत होत नाही, पण त्या दिवशी अवघं गाव एका तोंडानं खोटं बोललं. जमादारानं माझ्याकडं बोट केलं. "अन् हा?" मी म्हणालो, "सुग्रीव. धाकटा." बस. त्या दिवसापासून मी कागदावर तू झालो.

सही करायची वेळ आली तेव्हा मात्र हात वळेना. दुसऱ्याच्या नावानं सही करायची म्हणजे चोरी वाटायची. म्हणून अंगठा लावला. अंगठ्याला नाव नसतं. तेव्हापासून अंगठाच. साक्षरता वर्ग निघाले तेव्हा पोरसवदा मास्तरीणबाईंनी मला पाटी घेऊन पहिल्या रांगेत बसवलं. 'क कमळाचा' गिरवला महिनाभर. बाई म्हणाल्या, आबांचं अक्षर किती लवकर वळलं! प्रमाणपत्र दिलं, सुग्रीवच्या नावानं. तुझं शिक्षण वाढवून ठेवलंय मी.

बहात्तरचा दुष्काळ तू पाहिला नाहीस, सरहद्दीवर होतास. आई आणि मी तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या टाकायचो. मुकादम सकाळी हजेरीला ओरडायचा, "सुग्रीव धोंडीराम!" आणि आई दर वेळी चटकन मागं वळून बघायची, तू आलास की काय म्हणून. रोज. आठ महिने रोज. मी तिला म्हणायचो, "आई, ते मला बोलावतेत." ती म्हणायची, "ठावं हाय रं. मान आपसूक वळती."

चौऱ्याऐंशीला दूध सोसायटी निघाली. गावाला सचिव मॅट्रिक पास हवा होता. म्हातारी माणसं म्हणाली, त्रिंबकलाच करा. मी तुला लिहिलं, शाळेतून दाखल्याची नक्कल काढू का? तुझं दोन ओळींचं उत्तर आलं. "दाखला काढू नकोस. माझी वीस वर्षं जातील." खरंच होतं ते. मी नाही काढला. पण वर 'ती. दादा' नव्हतं आणि खाली नमस्कारही नव्हता. ते मला लागलं.

आता ऐक, मुख्य गोष्ट राहिलीच. बंकटराव सोसायटीचा चेअरमन झाल्यापासून काही ना काही काढतोच. एकतीस मेला तू निवृत्त होतोस हे त्यानं पेपरात वाचलं. एक जूनला तुझा सत्कार. दूध थंड करायच्या नव्या केंद्राला तुझं नाव. फरशी बीडहून कोरून आलीसुद्धा. पत्रिकेचा मजकूर त्यानं मला मोठ्या आवाजात वाचून दाखवला, मला वाचता येत नाही ना! "जनरल त्रिंबक देवकते यांचा सत्कार, त्यांचे धाकटे बंधू सुग्रीव यांच्या हस्ते." म्हणाला, "आबा, हार तुमीच घालायचा. थोरल्या भावाच्या पायाबी पडा, फोटू लई झ्याक यील."

मी बरं म्हणालो.

तुझा थोरला भाऊ


छावणी, ढवळदरा
३० एप्रिल २००४

सुग्रीव,

आज आशीर्वाद लिहीत नाही. आज राग आहे, आणि तो पोटात ठेवून आता कंटाळलो.

फरशी बघून आलो. काळ्या दगडात पांढरी अक्षरं. त्रिंबक धोंडीराम देवकते. पुढं बसून वाचली. जिवंतपणी आपल्या नावाचा दगड बघायला मिळतो तो असा.

ब्याण्णव साल काढतोच. आई गेली तेव्हा तू कर्नल होतास. जीपमधून आलास, अंगावर वर्दी, सोबत नगरहून आलेले दोन अधिकारी. माझ्याशी बोलायला सवड मिळाली नाही, समजू शकतो. सरण रचून झालं. बापाला अग्नी थोरल्यानं द्यायचा, आईला धाकट्यानं, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. धुळाजीनं टेंभा पेटवला आणि विसरून तुझ्यापुढं धरला. धाकटा तू. मान तुझा.

तू त्या दोन अधिकाऱ्यांकडं पाहिलंस. आणि मला मोठ्यानं म्हणालास, "सुग्रीव, तू धाकटा. पुढं हो."

मोठ्यानं म्हणालास. हळू म्हणाला असतास तरी मी झालो असतो रे पुढं. सगळं गाव खाली बघत होतं. मी टेंभा घेतला. थोरला असून आईला अग्नी दिला, तोही तुझ्या नावानं. ती बाई आठ महिने हजेरीला मान वळवत होती, तिच्यासमोर तू मला त्या नावानं हाक मारलीस, आणि वळून बघायला ती नव्हती. राख भरायलाही थांबला नाहीस. जाताना जीपमधून हात केलास. मी तुझ्याकडं पाठ केली. बारा वर्षं ती पाठच आहे.

नाव दिलं त्याचं मला काही नाही. ते मी माझ्या हातानं दिलं, दोरीवरून. त्या नावाला तू मान मिळवलास, मेडल मिळवलंस, गोळी खाल्लीस. मी ठेवलं असतं तर फार तर दूध मोजलं असतं त्यानं. तुझा फोटो पेपरात आला की खालचं नाव वाचून माझी जी काय आहे ती छाती फुगायची. भरतीवाल्यानं तेव्हा टेप लावायला हवा होता. पण तू मला तुझं नाव दिलंस ते असं, चारचौघांत, आईच्या सरणापाशी, लहान करून. ते मला नको होतं.

एक जूनला येऊ नकोस. तुला हार घालून तुझ्या पाया पडणं मला जमेल, मी आजवर काय काय केलंय. पण तू मला "ये सुग्रीव" म्हणून मिठी मारशील, ती मला सोसायची नाही.

सत्काराला येऊ नकोस. मग कधीही ये.

भाऊ


छावणी, ढवळदरा
१ जून २००४

सुग्रीव,

आज आपला वाढदिवस. गुरुजींच्या कृपेनं अख्ख्या वाडीचा.

तू आला नाहीस. बंकटरावाला फोन आला म्हणे, प्रकृती ठीक नाही. मांडव होता, बुंदी होती, छावणीतली माणसं धुतलेली धोतरं नेसून आली होती. फरशीवरचा पडदा आमदारानं ओढला. हार माझ्या हातातच राहिला, तो मग म्हशीनं खाल्ला.

मीच येऊ नको म्हणालो होतो. तरी सकाळपासून रस्त्याकडं बघत होतो. मोटारीचा आवाज आला की मान आपसूक वळायची. आईची मान माझ्याकडं कधी आली कळलं नाही.

तुझी तब्येत खरंच बरी नाही का? तेवढं एक कळव.

भाऊ


पुणे
६ जून २००४

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार.

मराठी लिहायची सवय गेली आहे. चुकलं तर तांबड्या शाईनं दुरुस्त कर, पूर्वी करायचास तसं.

प्रकृती चांगली आहे. बंकटरावांना खोटं सांगितलं. पत्रिका मिळाली होती. त्यात छापलंय तसं तुला चारचौघांत पुन्हा धाकटा म्हणणं मला जमलं नसतं.

तुझी पाचही पत्रं मिळाली. प्रत्येक वेळी उत्तर लिहायला बसलो आणि शेवटी अडलो. सही कोणती करायची? त्रिंबक म्हणून तुला कसं लिहू? आणि नोकरीत असेपर्यंत दुसरी सही करायची माझी हिंमत झाली नाही. लढाईत भ्यालो नाही दादा, या एका कागदाला चाळीस वर्षं भ्यालो. रात्री झोपेत कुणी नाव विचारलं तरी बरोबर सांगता यावं म्हणून सुरुवातीला घोकत झोपायचो. पुढं ते इतकं पाठ झालं की आतला माणूस कधी हाकेला ओ द्यायचा थांबला ते कळलं नाही. ३१ मेला वर्दी उतरवली. बायकोला परवा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी लग्न कुणाशी केलं?"

आईबद्दल. तू लिहिलंस ते खरं आहे, अक्षर न् अक्षर. तुला लहान केलं. पण दादा, अग्नीचा मान माझा होता, तो मी दोन माणसांच्या भीतीनं सोडला. "सुग्रीव, पुढं हो" म्हणालो तेव्हा मनातून वाटत होतं, कुणीतरी मलाच धरून पुढं ढकलावं. धुळाजीनं ढकलावं, तू ढकलावंस. कुणी ढकललं नाही. मी इतका चांगला त्रिंबक झालो होतो.

जीपमधून हात केला तेव्हा तू पाठ केलीस. तशीच करायला हवी होती.

मला घर नाही असं नाही. पुण्यात बंगला आहे. पण मला कुणी सुग्रीव म्हणत नाही.

येऊ का?

तुझा धाकटा भाऊ,
सुग्रीव


छावणी, ढवळदरा
१४ जून २००४

चि. सुग्रीव यास अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कसं पोचलं ते आधी ऐक.

पाकिटावर तू लिहिलंस, 'ती. त्रिंबक धोंडीराम देवकते, जनावरांची छावणी'. राधाकिशन पोस्टमन नवा आहे. तो दोन दिवस ते घेऊन फिरला. तिसऱ्या दिवशी बंकटरावाला दाखवलं. बंकटराव म्हणाला, "ह्ये तर जनरल सायबाचं नाव. सायबांनी सवताच सवताला पत्र धाडलं व्हय?" परत पाठवायचंच ठरत होतं. पण रजिस्टर पत्र, म्हणून राधाकिशन म्हणाला, एकदा भोंग्यावरून पुकारून तर बघू.

मी म्हशीसमोर वाढं तोडत होतो. चंद्रभागा शेजारी बसून भाकरी बांधत होती. आणि चिंचेवरचा भोंगा बोलला, "त्रिंबक धोंडीराम देवकते, तुमचं पत्र आलंय. त्रिंबक धोंडीराम देवकते, कुठं असाल तिथून हापिसापाशी या."

तुला खरं वाटणार नाही, मी बसूनच राहिलो. कानावर आलं, पण उठायचं सुचलं नाही. मी नावाची वाट बघत होतो आणि नाव आलं तर मलाच ओळखू येईना. दुसऱ्यांदा पुकारलं. हजार जनावरं, तीन-चारशे माणसं, सगळ्या माळावरून माझं नाव फिरून आलं. तरी मी विळ्यावर हात ठेवून तसाच. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा चंद्रभागेनं माझ्या हातातला विळा काढून घेतला.

"उठा की. ऐकू यीना का? तुमाला बोलावतेत."

"तुला कसं कळलं मलाच?"

"मी लग्नात घेतलतं की ते नाव," ती म्हणाली. "तुमी इसरला आसाल, मी न्हाई इसरले."

मी उठलो. पायात वहाणा घालायच्या राहिल्या. कचेरीपाशी गेलो, म्हणालो, "पत्र माझं हाय." राधाकिशननं सवयीनं शाईची डबी उघडून माझ्यापुढं केली, अंगठ्यासाठी.

"पेन दे," मी म्हणालो.

"आबा, तुमाला लिवता येतंय?"

"साक्षरता वर्गाला गेलतो," मी म्हणालो.

आणि सही केली. चौतीस वर्षांनी. पहिलं अक्षर जरा मोठं आलं, पुढची नीट आली. राधाकिशन सहीकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. बंकटरावानं विचारलं, "आबा, ह्ये नाव तुमचं कसं?" मी म्हणालो, "जुनं नाव हाय माझं." त्यानं फरशीकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. हुशार आहे तो, पण चांगला आहे. पुढं विचारलं नाही.

पत्र इथंच माळावर बसून वाचलं. चंद्रभागेला मोठ्यानं वाचून दाखवलं. आईचा भाग तेवढा ओठांतल्या ओठांत वाचला, तो तिनं मनानंच समजून घेतला. माझा राग होता तो उतरला. एकदम नाही उतरला, पण तू "ढकलावं" म्हणालास तिथं उतरला. थोरला मी होतो. तुला दोरीवरून ढकललं ते मीच, सरणापाशीही मीच ढकलायला हवं होतं. मी टेंभा घेतला आणि रागात बारा वर्षं काढली. माझंही चुकलं.

मला वाटत होतं, नाव गेलं ते एकट्या माझं. तुझंही गेलं, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही. भूमिती येणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये! माझ्यासाठी निदान धुळाजी तरी होता. तुला कोण होतं?

बायकोला सांग, लग्न तू सुग्रीवशी केलंस, पत्रिका तेवढी त्रिंबकची होती. तिला एवढी मराठी कळली तर हसेल, नाहीतर मी येऊन समजावतो.

आणखी एक. सरकारनं तुला माझ्या वयानं घरी पाठवलं. साठ मला झाली, तुला अठ्ठावन्नच. त्रेसष्टला तू माझी दोन वर्षं उसनी घेतलीस, ती तुझ्याकडं अजून तशीच शिल्लक आहेत. ती पुण्यात नको घालवूस. छावणी अजून महिनाभर आहे. इथं बाज आहे, सावली आहे, पाणी टँकरचं आहे. म्हैस मारकी आहे, पण सत्काराचा हार खाल्ल्यापासून तिला लष्कराची ओढ लागलीय.

येऊ का, असं विचारतोस. भरतीला मी जा म्हणालो आणि तू गेलास, आता ये म्हणतो, मग कशाला विचारतोस? वर्दी घालू नकोस. कचेरीत नाव सांगू नकोस. सरळ माळावर ये. मी लांबून बघेन, गर्दीच्या वर डोकं दिसेल तो तूच. भोंगा नको, मीच हाक मारतो. अख्ख्या माळाला ऐकू जाईल अशी मारतो. तू फक्त वळून बघ.

ये, सुग्रीव.

तुझा दादा,
त्रिंबक